दोन घाण्यांचं वेळापत्रक

बुधवार, १० सप्टेंबर २०२५. गिरावीन, सिडनी

मयूराने ही वही आणून दिली. "आई, तू दिवसभर माझ्याशी बोलायला बघतेस आणि मी मीटिंगमध्ये असते. यात लिही." म्हणजे तोंड बंद ठेवायची ही सभ्य सूचना. लेकीच्या घरी आलेल्या आईने अशा सूचना समजून घ्यायच्या असतात. लिहिते बापडी.

पहिल्या पानावर नाव, इयत्ता, विषय लिहायची सवय आहे. नाव शोभा. इयत्ता निवृत्त. विषय गणित. चिंचवडच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रकही मीच करत होते. स्वभाव जरा तापट आहे. जरा म्हणजे बराच.

आज दुकानातून येताना मॅगपायने डोक्यावर झडप घातली. इथे वसंतात हे पक्षी असे अंगावर येतात म्हणे आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. नात उर्वी म्हणाली, "आजी, जस्ट वेअर अ बकेट." डोक्यावर बादली घालून कोथिंबीर आणायला जाऊ मी?

सकाळी मयूराशी वाजलं. उर्वीची सिलेक्टिव्ह स्कूलची, म्हणजे हुशार मुलांच्या सरकारी शाळेची, प्रवेशपरीक्षा मे महिन्यात आहे आणि शनिवारी सकाळी पोरगी नेटबॉल खेळत हिंडते. मी म्हटलं, नेटबॉल बंद करा, मी शनिवारी गणित घेते. मयूराचा चेहरा एकदम दगड झाला. "नेटबॉल बंद होणार नाही. विषय संपला." हा हट्टीपणा हिच्यात कुठून आला कोण जाणे. सासरचा असणार.

संध्याकाळी स्वतःच गोड बोलत आली. तिच्या युनिमध्ये, म्हणजे विद्यापीठात, आफ्रिकेतल्या मलावी देशातून दहा शिक्षक आणि शाळा-अधिकारी आलेत, दहा आठवड्यांच्या कोर्सला. त्याची सगळी व्यवस्था हीच बघते. म्हणाली, "इथले लेक्चरर मोठा वर्ग म्हणजे अठ्ठावीस मुलं असं सांगतात आणि ते दहाजण एकमेकांकडे बघून हसतात. तुझ्या वर्गात किती असायची?"

"अठ्ठ्याहत्तर."

"मग शुक्रवारी आर्व्होला ये. अर्धा तास बोल त्यांच्याशी." आर्व्हो म्हणजे इथली दुपार.

जाते. इथे मला दुसरं काम तरी काय आहे?

शुक्रवार, १२ सप्टेंबर

बोलले. इंग्रजी माझं शाळेतलंच, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचणारं. अठ्ठ्याहत्तर वह्या एका तासात कशा तपासायच्या ते फळ्यावर काढून दाखवलं. सगळ्यांनी उतरवून घेतलं. फार बरं वाटलं. सहा वर्षांनी हाताला खडू लागला होता. खडू म्हणजे मार्कर, पण असो.

मग एक बाई उभ्या राहिल्या. चाळिशीच्या, ताठ पाठीच्या. म्हणाल्या, "मॅडम, अठ्ठ्याहत्तर हा छान वर्ग आहे. माझ्या एका शाळेत पाचवीत एकशे अठरा आहेत." आणि अशा हसल्या की मलाही हसू आवरेना.

या तमंदानी. अकरा सरकारी शाळा त्यांच्याकडे आहेत आणि मोटरसायकलवरून त्या सगळ्या शाळा फिरतात. मला 'अमायी शोभा' म्हणतात. अमायी म्हणजे आई, बाई, सगळंच. चहाच्या वेळी त्यांनी आपली वही काढली. तीन वर्षांची हजेरी, स्वतःच्या हाताने मांडलेली. सहावी-सातवीत मुली शाळा सोडतात. पण ज्या दिवशी नेटबॉल असतो त्या दिवशी मुली येतात, आणि ज्या खेळत राहतात त्या आठवीची परीक्षा देतात. आकडे मी स्वतः पडताळून पाहिले. बेरीज चोख आहे.

त्यांना अकराही शाळांत रोज एक तास खेळ हवाय. तसा तास कागदावर आहेच, पण प्रत्यक्षात दुसराच विषय त्यावर डल्ला मारतो. वीस नोव्हेंबरला इथे पॅनेल बसेल. दहा योजनांपैकी तीन निवडतील आणि त्यांना दोन वर्षं करून बघायची मुभा मिळेल. बाकीच्या सात फायलीत. पॅनेलने तमंदानींना आधीच बजावलंय: खेळामुळे गणिताचा एकही तास कमी होत नाही हे दाखवा.

"नाही निवडली तर?" मी विचारलं.

"तर मी आणखी पंधरा वर्षं मोटरसायकलवर फिरून, कोणती मुलगी कधी गेली एवढंच लिहीत बसेन." मग माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "पण मला गणिताची बाई मिळाली. देव पावला."

दोन दिवसांत वेळापत्रक करून देते म्हणाले. हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला वेळ लागत नाही.

ट्रेनमध्ये बसले आणि मग आत काहीतरी टोचायला लागलं. ते इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय? खेळाचा तास वाचवायला ही बाई आली कोणाकडे, तर माझ्याकडे! दिवाळी झाली की मी पोराच्या हाती चिठ्ठी धाडायचे, 'पी.टी.चा तास गणिताला हवा आहे.' विनय सर मैदानावरून वर्ग परत पाठवायचे. एकदाही नाही म्हणाले नाहीत. वर्षाला चाळीस तास धरले तर एकतीस वर्षांचे बाराशे चाळीस. पोर्शन पूर्ण व्हायचा, निकाल लागायचा, पेढे मला मिळायचे.

चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या, दुसरं काय!

मंगळवार, १६ सप्टेंबर

वेळापत्रक नेऊन दाखवलं. दोन रंगांत केलं होतं. तमंदानींनी एकदा बघितलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"अमायी, खेळ शेवटच्या तासाला?"

मी म्हटलं, सगळीकडे असाच असतो. शेवटच्या तासाला पोरांच्या डोक्यात काही शिरत नाही, म्हणून खेळ.

"आमची शाळा दुपारीच सुटते, शेवटच्या तासाला ऊन डोक्यावर असतं. लांबच्या मुली निघालेल्या असतात, घरी जाऊन पाणी भरायचं असतं त्यांना. आणि शेवटचा तास नेहमी आधीच्या तासाच्या पोटात जातो. तुमच्या शाळेत कोणाच्या पोटात जायचा?"

"होते एक शिक्षक," मी म्हटलं.

खोटं बोलले. बावीस वर्षं मीच तो तास शेवटी ठेवत आले, कारण तिथून उचलायला सोपा. आणि इथेही हात आपोआप तिकडेच गेला. कान लाल झाले होते माझे. तमंदानींना दिसलं नसावं.

शनिवार, २० सप्टेंबर

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे!

मयूराने तमंदानींना जेवायला बोलावलं होतं. आधी सगळे उर्वीची मॅच बघायला गेलो. तिथे कळलं, कोच तापाने आडवी. पोरी रडकुंडीला आल्या. तमंदानींनी चपला काढल्या, पदर खोचावा तसा स्कर्ट खोचला आणि पोरींना गोल उभं करून दोन मिनिटं काहीतरी सांगितलं. मयूराने आयोजकांना विचारलं. ते म्हणाले, "नो वरीज." ही बाई जिल्ह्याच्या टीममध्ये गोल डिफेन्सला खेळलेली आहे, हे आम्हाला काय माहीत!

पोरी गेल्या मॅचला अकरा गोलांनी हरल्या होत्या. आज दोन गोलांनी जिंकल्या. उर्वी धावत येऊन म्हणाली, "आजी, शी इज अ लेजंड!" माझ्याबद्दल ही पोरगी असं कधी बोललेली नाही.

मॅचनंतर तमंदानींनी मलाही कोर्टात ओढलं. मी कुठली खेळते? पण बॉल सरळ पोटावर आला आणि मी तो चक्क धरला. धरला आणि पळत सुटले. पोरींनी एकच गलका केला. नेटबॉलमध्ये बॉल हातात घेऊन पळायचं नसतं म्हणे. मी अख्खं कोर्ट ओलांडून पार दुसऱ्या टोकाला गेले होते, नियम कोणी आधी सांगेल तर ना! गुडघे आता बोंबलतायत. बोंबलू देत. हसून हसून पोटही दुखतंय, मग गुडघ्यांनीच काय घोडं मारलंय?

घरी तमंदानींनी मक्याच्या पिठाचा न्सिमा केला. आपल्या उकडीसारखाच, पण घट्ट. माझ्या आमटीशी इतका जमला की जावई निनादने तीनदा घेतला.

उर्वीचं गणित आज राहिलंच. मी बोलले नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

खेळाचा तास दुसऱ्याला ठेवला, तिसऱ्याला ठेवला, मधल्या सुट्टीला चिकटवला. तमंदानींना सगळं पटतं, मलाच पटत नाही. प्रत्येक वेळापत्रक मी चोर म्हणून तपासते आणि दर वेळी मला तो तास उचलता येतो. आणि समजा उचलला नाही, तरी एक चेंडू आणि शंभरावर पोरं, यांचं करायचं काय? खेळातलं मला ओ की ठो कळत नाही.

शेवटी दुपारी तीनला हिय्या करून विनय सरांना फोन लावला. वाईला असतात आता. तिकडे सकाळचे साडेदहा. म्हटलं, "सर, मी शोभाबाई."

पलीकडून लगेच, "कुठला वर्ग पाहिजे, बाई?"

सर हसायला लागले. मग मी सगळं सांगितलं, तमंदानींचं, मुलींचं, त्या तासाचं. सर म्हणाले, "एकतीस वर्षं एका शाळेत काढली बाई, खेळाबद्दलचा तुमचा हा पहिला प्रश्न."

आणि मग दीड तास बोलत होते. साठ पोरं असतील तर सहा-सहाच्या दहा रांगा. प्रत्येक रांगेला एक दलनायक, तो दर आठवड्याला बदलायचा. एका रांगेला चिंध्यांचा चेंडू, दुसरीला लंगडी, तिसरीला रिले, पाच मिनिटांनी रांगा सरकवायच्या. "साठाच्या वर नको मात्र. साठाच्या वर गेलं की खेळ राहत नाही, जत्रा होते." मी नऊ पानं लिहून घेतली.

शेवटी माफी मागितली. एवढ्या वर्षांत मागितली नव्हती. सर म्हणाले, "अहो, मला त्या तासाला निवांत चहा मिळायचा. मीही कधी भांडलो नाही, माझंही चुकलंच. पण तुमच्या वर्गातली पोरं खिडकीतून मैदानाकडं बघायची, ते मला खालून दिसायचं."

मग मयूराची चौकशी केली. "काय पळायची हो पोरगी! तिच्यासारखी खो-खोची खेळाडू मला परत मिळाली नाही." मी म्हटलं, मजेत आहे, युनिमध्ये चांगली नोकरी आहे. सरांना इतकं आठवतंय याचं नवल वाटलं. नववीत मीच तिला टीममधून काढलं होतं, बीजगणित कच्चं होतं म्हणून. बोर्डात दीडशेपैकी एकशे बेचाळीस पडले. संध्याकाळी मयूराला सांगितलं, विनय सरांनी तुझी आठवण काढली. ती म्हणाली, "हो?" आणि भांडी घासायला गेली. डिशवॉशर असताना हाताने का घासत होती कळलं नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

सापडलं! सापडलं, सापडलं, सापडलं!

आज चकल्या करायला घेतल्या. तमंदानी शिकायला आल्या होत्या. हात चांगला आहे, सोऱ्यातून चकली गोल पडते. पण घाई फार. मी जरा दुधाकडे वळले तेवढ्यात बाईंनी ताटातल्या सगळ्या, बारा की तेरा, एकदम कढईत सोडल्या.

"अहो, अहो, काय करताय! एका घाण्याला सहाच!" आता घाणा कशाला म्हणतात हे इंग्रजीत कसं सांगायचं? म्हटलं, एका वेळी कढईत मावेल तेवढं तळायचं, ते काढायचं, मग दुसरं घालायचं. सगळं एकदम कोंबलं की तेल थंड पडतं आणि एकही धड तळली जात नाही. समोर पुरावा होताच, सगळ्या मऊ पडून एकमेकींना चिकटल्या होत्या.

तमंदानी झाऱ्याने तो लगदा हलवत म्हणाल्या, "माझी पाचवी."

मी गॅस बंद केला. हात धुतले नाहीत, तसेच पीठ लागलेले, आणि उर्वीच्या वहीचं पान फाडून मांडायला बसले.

एकशे अठरा मुलं. गणिताचा एक तास, खेळाचा एक तास. दोन्ही आधीच कागदावर आहेत, नवं काही मागायचं नाही. पण सगळ्यांना आधी गणित आणि मग खेळ असं करायचंच नाही. तिसऱ्या तासाला एकोणसाठ आत गणिताला, एकोणसाठ बाहेर खेळायला. चौथ्या तासाला अदलाबदल. प्रत्येक मुलाला गणित पूर्ण, खेळही पूर्ण. आणि गणिताच्या मास्तरांपुढे एका वेळी साठसुद्धा नाहीत!

तमंदानी म्हणाल्या, "मास्तरांना तोच धडा दोनदा शिकवावा लागेल."

"एकशे अठरांवर एकदा ओरडण्यापेक्षा साठांना दोनदा सांगितलेलं परवडतं. मला विचारा."

"आणि मैदानावर कोण?"

हे मला सुचलं नव्हतं. पण त्यांनीच बोटं मोजायला सुरुवात केली. अकराही शाळांत नेटबॉल खेळलेली एकेक तरी शिक्षिका आहे. "मी सगळ्यांना ओळखते. नऊजणींबरोबर खेळलेय, दोघींना हरवलंय."

मग मी ते वेळापत्रक पुन्हा चोर म्हणून तपासलं. तास उचलायला गेले. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तो उचलता येईना. का, ते लिहीत नाही. तमंदानींनाही सांगितलं नाही, कारण सांगायचं तर मला हे सगळं कसं ठाऊक तेही सांगावं लागेल. आज दिवाळी आहे, आज नको.

चकल्यांचं पीठ वाळून गेलं. निनादला म्हटलं, यंदा चकली दुकानातून आण.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

तमंदानी माझ्यासमोर भाषणाची तालीम करतात. मी पॅनेल होऊन खडूस प्रश्न विचारते, ते मला छान जमतं. आकडे सगळे पाठ झाले. पण एका प्रश्नाला अडखळतात: परीक्षा जवळ आली की गणिताच्या शिक्षकाला हा तास घेण्यापासून कोण अडवणार? म्हणतात, "मी विनंती करेन, परिपत्रक काढेन." मी म्हटलं, छान आहे. छान नाहीये. विनंतीची अशी चिठ्ठी मी वहीत खूण म्हणून वापरली असती.

खरं उत्तर सांगायला तीनदा तोंड उघडलं. ही बाई मला अमायी म्हणते. सगळं कळल्यावर काय म्हणेल?

गुरुवार, २० नोव्हेंबर

आजचं सगळं नीट लिहिते.

पॅनेलमध्ये तिघं. मधे हेदर नावाच्या प्राध्यापक, चष्मा नाकाच्या टोकावर. मी मागच्या रांगेत, प्रेक्षक म्हणून. मयूरा दाराशी उभी. तमंदानी अप्रतिम बोलल्या. तीन वर्षांची हजेरी पडद्यावर आली, मग दोन घाण्यांचं वेळापत्रक. पॅनेलमधले दोघं पुढे वाकून बघायला लागले. मी मनात म्हटलं, झालं, जिंकली!

आणि हेदरबाईंनी चष्मा काढला. "कागदावर सुंदर आहे. पण मी चाळीस वर्षं शाळा बघतेय. परीक्षेच्या तोंडावर गणिताचे शिक्षक खेळाचा तास घेतात, सगळ्या देशांत घेतात. तुमच्याकडे त्यांना अडवणार कोण? याचं उत्तर नसेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे."

तमंदानींनी परिपत्रक म्हटलं. हेदरबाईंनी नुसती मान हलवली आणि पुढच्या फायलीकडे हात नेला.

मी कधी उभी राहिले मला आठवत नाही. "एक्स्क्यूज मी," म्हणाले, तेही वर्गातल्या आवाजात. अख्खी खोली वळली. "मी ती गणिताची शिक्षिका आहे."

हेदरबाई म्हणाल्या, "सॉरी?"

"एकतीस वर्षांत खेळाचे बाराशे चाळीस तास मी घेतले. हे करायला कोणाला सांगावं लागत नाही. एक चिठ्ठी पाठवायची. खेळाचे सर भांडत नाहीत, मुलांना कोणी विचारत नाही आणि निकाल चांगला लागला की मुख्याध्यापक सत्कार करतात. परिपत्रकं आमच्याकडेही होती. वेळापत्रक तर मीच करायचे! मला नियमाने कोणी अडवू शकलं नसतं. फक्त एकाच गोष्टीने मी थांबले असते. तो तास घेऊन माझंच नुकसान झालं असतं तर."

तमंदानी माझ्याकडे एकटक बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळून पडद्याकडे बोट केलं.

"आता या वेळापत्रकात मला तो तास चोरून दाखवा. मी चोर आहे, मी प्रयत्न केला. खेळ बंद केला की बाहेरचे एकोणसाठ येणार कुठे? माझ्याच वर्गात! काल साठांना शिकवलं, वह्या तपासल्या, मागच्या बाकावरच्या पोरीचं नाव मला पाठ झालं. आज मी स्वतःहून एकशे अठरा आत घेईन? इतकी मूर्ख गणिताची बाई जगात नाही. तो खेळाचा तास मीच राखीन, जिवापाड राखीन, माझ्या स्वार्थासाठी."

मी पुढे म्हणाले, कारण आता थांबणं हातात नव्हतं, "मुलं खिडकीतून मैदानाकडे बघायची. माझी पाठ फळ्याकडे असायची, मला दिसायचं नाही. ते मला या सप्टेंबरात कळलं. माझ्या शाळेतल्या मुलांचे तास मी परत देऊ शकत नाही. यांच्या मुलींचे द्या."

आणि बसले. पॅनेलमधला तो दाढीवाला गृहस्थ आधी हसला, मग टेबलावर हात आपटून हसला, आणि हेदरबाईंनी चष्मा पुन्हा घालून तमंदानींची फाइल उघडली. उद्या निकाल.

बाहेर आल्यावर तमंदानी समोर आल्या. मी म्हटलं, "त्या दिवशी 'होते एक शिक्षक' म्हणाले. ती मीच." त्या म्हणाल्या, "अमायी, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तुमचे कान टोमॅटोसारखे लाल झाले होते." आणि अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकला.

मयूराचे डोळे सुजलेले. इथे या दिवसांत हवेत परागकण फार असतात, 'हे फीव्हर' म्हणतात त्याला. तिला गोळी घे म्हटलं. तर गोळी घ्यायचं सोडून भर कॉरिडॉरमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली, किती तरी वेळ. मला काही कळेना. पण फार बरं वाटलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

निवडली! तिघांत पहिलं नाव!

यादी लागली आणि तमंदानींनी जिभेने असा लांब किलकारीचा आवाज काढला की सिक्युरिटीवाला धावत आला. मग त्यांच्या गटातल्या बाकीच्या चौघींनीही काढला. मलाही काढायला लावला. माझा खोकल्यासारखा आला, तरी टाळ्या मिळाल्या. त्या सिक्युरिटीवाल्यालाही पेढा दिला. पेढे मी सकाळीच हॅरिस पार्कातल्या मिठाईच्या दुकानातून आणून ठेवले होते. निकालाच्या आधी पेढे आणायची हिंमत मी बोर्डाच्या निकालालाही केली नव्हती.

रविवारी तमंदानी परत चालल्या. त्यांच्या सामानात विनय सरांची नऊ पानं आहेत, मी इंग्रजीत उतरवून दिलेली. 'खेळाचा कार्यक्रम: विनय सर, वाई' असं वर ठळक लिहिलंय. सरांना फोटो पाठवला. उत्तरात त्यांनी नुसते हात जोडलेले पाठवले, अकरा वेळा. शाळाही अकराच आहेत. सरांनी मोजून पाठवले असणार.

संध्याकाळी मयूरा म्हणाली, "आई, उद्या सकाळी माझ्याबरोबर पळायला येतेस? हळूहळू जाऊ." चौसष्टाव्या वर्षी हे काय खूळ? हो म्हटलंय. बूट तिचेच घालणार आहे, आमचं माप एकच निघालं.

बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६

पावणेतीन महिने वही उघडली नाही. वेळ कुठे आहे? रविवारी उर्वीचं गणित, एकदिवसाआड मयूराबरोबर पळणं. पळणं म्हणजे ती पळते, मी तिच्या मागून जाते. पण आज लिहायलाच हवं.

तमंदानींचा व्हॉइस मेसेज आला. बोलताना मधेच हसू फुटत होतं, मला तो पहिल्या खेपेला नीट कळलाच नाही.

एकशे अठरांच्या त्या पाचवीला बांदा नावाचे गणिताचे मास्तर आहेत. जानेवारीत वेळापत्रक सुरू झालं तेव्हा सगळ्यात जास्त कटकट यांचीच. हा पोरखेळ आहे, मी तोच धडा दोनदा शिकवणार नाही, परीक्षेत नापास झाली तर जबाबदार कोण, वगैरे. तमंदानी म्हणतात, "मला तुमची फार आठवण यायची, अमायी." घ्या!

तर परवा शाळेत कोणी मोठे पाहुणे यायचे होते. हेडमास्तरांनी खेळ रद्द केला आणि नेटबॉलवाल्या शिक्षिकेला सजावटीच्या कामाला लावलं. बाहेरचे एकोणसाठ आत आले. बांदा मास्तर एकशे अठरांसमोर दहा मिनिटं उभे राहिले. मग खडू टेबलावर ठेवला, तडक हेडमास्तरांच्या खोलीत गेले आणि पाहुण्यांच्या देखत ओरडले, "माझ्या मुलांचा खेळाचा तास घेणारे तुम्ही कोण?"